सायकल, रिव्हॉल्व्हर आणि न छापलेला फोटो

शहरी गरिबीवरचे चित्रपट आपण करुणेच्या अंगाने पाहतो. मी ते पाहताना एकच प्रश्न धरला: गरिबाला तक्रार कुठे करता येते?

डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्हज’मध्ये (१९४८) युद्धोत्तर रोममधल्या अंतोनिओची सायकल चोरीला जाते. पोलीस तक्रार नोंदवतात आणि शोध त्याच्यावरच सोपवतात. कासोवित्झच्या ‘ला हेन’मध्ये (१९९५) पॅरिसच्या उपनगरातला एक तरुण पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मरणपंथाला लागलेला असतो. दंगलीत पोलिसाचे हरवलेले रिव्हॉल्व्हर त्याच्या मित्राच्या हाती पडते. तक्रारीची जागा सूडाने घेतलेली असते. मेरेलेस आणि लुंद यांच्या ‘सिटी ऑफ गॉड’मध्ये (२००२) रिओचे पोलीस टोळीप्रमुखाला पैसे घेऊन सोडतात. वस्तीतल्याच होतकरू छायाचित्रकाराकडे त्याचा पुरावा असतो. पण तो वर्तमानपत्राला देतो गुंडाच्या प्रेताचा फोटो. त्याला काम हवे असते आणि जिवंतही राहायचे असते.

उपेक्षा, वैर, भागीदारी हा काळाचा क्रम नव्हे; ही तीन शहरांतली सत्तेची तीन रूपे आहेत. गरिबीच्या इतिहासात आपण भूक मोजतो. कोणते पुरावे भीतीपोटी खिशातच राहिले, याचीही नोंद त्यात हवी.