करमाडचे 16 आणि जालन्याचा इतिहास

8 मे 2020 रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास बदनापूर आणि करमाड स्थानकांदरम्यान रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडून मेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसे जालन्यात पोलाद कारखान्यात कामाला होती. टाळेबंदीत काम थांबले. भुसावळला गेलो तर गावाकडची गाडी मिळेल, या आशेने 20 जण आदल्या संध्याकाळी चालत निघाले आणि 35-40 किलोमीटर चालून थकल्यावर रुळांवरच आडवे झाले. त्यांतले 4 वाचले. दगडी खडीत विखुरलेल्या कोरड्या पोळ्या, चपला, कपड्यांची गाठोडी देशाने वर्तमानपत्रांत पाहिली आणि लवकरच विसरूनही गेला. माझे म्हणणे एवढेच, की हा अपघात करमाडचा जेवढा, तेवढाच जालन्याचा आहे, आणि जालन्याच्या पोलाद उद्योगाचा इतिहास त्याच्यावाचून अपुरा राहील.

यावर पहिला आक्षेप हद्दीचा. जागा औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली. मग जालन्याचा संबंध काय? पण 1 मे 1981 पर्यंत जालना त्याच जिल्ह्यात होते, आणि मुळात माणसे कुठे मेली यापेक्षा ती कुठून आणि का निघाली, हे इतिहासाने आधी विचारायचे असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार गुन्हा आहे; रुळांवर झोपणाऱ्यांना कोण अडवणार, असे सर्वोच्च न्यायालयही त्याच महिन्यात म्हणाले. चालकाने माणसे दिसताच गाडी थांबवायचा प्रयत्न केला होता, त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. मात्र चालक निर्दोष ठरला म्हणून चौकशी संपत नाही. रस्त्याने गेलो तर पोलीस अडवतील या धास्तीने त्यांनी रूळ धरले, आणि प्रवासी गाड्या बंद म्हणजे रूळ मोकळे, असा त्यांचा समज होता. मालगाड्या चालूच होत्या, हे सांगणारे कोणी नव्हते. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुरांची नोंद आणि जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता, दोन्हींची तरतूद होती. असा कायदा 41 वर्षे कागदावर असताना माणसांना पायी निघावे लागते, तेव्हा सगळा दोष झोपलेल्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. त्याच वर्षी सप्टेंबरात, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी नाही, असे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले.

ज्या रुळांवर ते झोपले, त्या निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या तोंडावर घातलेल्या मार्गाचे मीटरगेज 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाले. डिसेंबर 2023 पासून त्यावरून वंदे भारत धावू लागली. जालन्याहून रेल्वेने भुसावळ गाठायचे तर आजही पश्चिमेला मनमाडपर्यंत जाऊन तिथून वळावे लागते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 174 किलोमीटरच्या जालना-जळगाव मार्गाला मंजुरी दिली. त्या मजुरांना जायचे होते त्याच दिशेचा हा मार्ग आहे. त्यावरचे पहिले स्थानक उभे राहील तेव्हा तिथे या 16 जणांची नावे कोरावीत, आणि जालन्याच्या कारखानदारांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा.