दुरुस्ती केली तरी घर गळतंय? भाडेकरूने काय करावं

मालकाने माळवदावर सिमेंट ओढलं, पहिल्याच पावसात घर पुन्हा गळू लागलं. रागाने भाडं थांबवू नका. थकबाकीमुळे घर खाली करण्याचा दावा होऊ शकतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस पोस्टाने पाठवा. तरीही काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. मिस्त्री, वाळू, सिमेंट, सगळ्याच्या पावत्या जपा. तोच पुरावा.

हा कायदा अनुसूचीतल्या गावांनाच लागू असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या वाशीत आधी वकिलाला तेच विचारा. इतरत्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ आहे; पण दुरुस्ती मालकाची, हे करारात हवं. महिलांना विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.