निळ्या समुद्रपुष्पाची किंमत

निजामी अमलांतील परभणींत दुकानदारानें भाव सांगितला, कीं ग्राहकास आधीं विचारावें लागे, ‘हाली कीं कलदार?’ सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये असा तो हिशेब होता. १९४८ सालीं निजामी अंमल संपला, पुढें हाली सिक्काही चलनांतून गेला. परंतु आंकडा कोणत्या नाण्यांतला हें विचारण्याची ती संवय सोडण्यासारखी नव्हती. परभणीच्या एका स्नेह्यांनीं दिवाणखान्यांतील कांचेच्या हौदासाठीं निळें गालिचा-समुद्रपुष्प घ्यावें काय, असें विचारलें, तेव्हां आम्हांस प्रथम तिचीच आठवण झाली.

समुद्रपुष्प नांवानें फूल असलें तरी तो प्राणी आहे. गालिचा-जातीची तबकडी अर्धा मीटर व क्वचित् त्याहूनही रुंद होते, आणि तिच्यावरील आंखूड, चिकट स्पर्शिकांमुळें ती मखमली बैठकीसारखी दिसते. यांतील एका जातीची पहिली शास्त्रीय नोंद पीटर फोर्स्कल या निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथांत मिळते. डेन्मार्कच्या राजानें अरबस्तानांत धाडलेल्या मोहिमेंत तो १७६३ सालीं येमेनमध्यें वारला. त्याचा सोबती कार्स्टन नीबूर त्याच वर्षीं मुंबईस पोहोंचला. त्यानेंच स्वदेशीं परतल्यावर, १७७५ सालीं, मित्राचीं टिपणें प्रसिद्ध केलीं. या फुलास नांव मिळालें तें असें, एका माणसाच्या प्राणाच्या मोलानें.

त्यास बाजारभाव मिळाला तो पुढील शतकांत. इंग्लंडांत १८४५ सालीं कांचेवरील कर उठला व कांच स्वस्त झाली. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथानें घरोघरीं समुद्र पाळण्याची हौस पसरविली. विल्यम आल्फर्ड लॉइड यानें तर लंडनांत यासाठीं दुकानच थाटलें आणि १८५८ सालीं किंमतींसह छापील यादी काढली. परिणाम काय झाला, हें गॉसच्या मुलानें १९०७ सालीं आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे: ज्या खडकाळ डबक्यांचें सौंदर्य बापानें जगास दाखविलें, तींच हौशी संग्राहकांनीं ओरबाडून ओसाड केलीं. बापास याचा खेद जन्मभर राहिला.

आतां रंगाविषयीं. तपकिरी व फिकट रंगाचीं पुष्पें पुष्कळ आढळतात. गडद निळीं, जांभळीं व लाल विरळा, म्हणून त्यांचा भाव चढा. पण येथेंच खोटें नाणें मिसळतें. या प्राण्याच्या देहांत सूक्ष्म शैवालें राहतात व सूर्यप्रकाशावर अन्न करून त्यास पोसतात. प्रवासाच्या हालांनीं तीं नष्ट झालीं, कीं पुष्प पांढुरकें पडतें. आणि कांहीं व्यापारी अशा मरणोन्मुख जीवास रंगांत बुडवून भडक पिवळा वा गुलाबी करून विकतात. म्हणून ग्राहकानें रंगापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: मुख मिटलेलें आहे काय, स्पर्शिका चिकट आहेत काय, आणि तळचा पाय फाटलेला तर नाहीं ना. शक्य तर आपल्यासमोर त्यास खाऊं घालावयास सांगावें.

तिन्ही कसोट्या उतरल्या, तरी तो केवळ हाली भाव झाला. कलदार हिशेब घरीं सुरू होतो. गोदाकांठच्या या जिल्ह्यापासून मुंबईचा समुद्र सुमारें ५०० किलोमीटर दूर. तेव्हां समुद्र घरींच कालवावयाचा: लिटरामागें सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे ४०० लिटरांच्या हौदास १४ किलो खास मीठ, आणि पाणी बदलतांना पुन्हां त्याच प्रमाणांत. उन्हानें पाणी आटलें, तर मात्र शुद्ध गोडें पाणीच घालावयाचें. कारण वाफ जाते, मीठ मागें राहतें. वैशाखांत परभणीचा पारा ४० अंशांपलीकडे जातो, आणि या जीवास सुमारें २५ अंशच मानवतात. पाणी थंड राखणारें यंत्र व तीव्र दिवे यांवांचून त्याचा निभाव नाहीं. वीज रात्रभर गेली, तर त्याच्यासाठीं जागणारा कोण?

कोणी म्हणेल, मग ही हौस करूंच नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. स्कॉटलंडांत सर जॉन डॅलियल यांनीं १८२८ सालीं किनाऱ्यावरून एक साधें समुद्रपुष्प आणून बरणींत ठेविलें. त्यांच्यामागें तें एका पाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिलें, आणि १८८७ सालीं मेलें. त्यास ‘आजीबाई’ म्हणत, व त्याची शेंकडों पिलें झालीं. त्याचा रंग दुर्मिळ नव्हता, आणि त्यासाठीं कोणीं भाव मोजला नव्हता. एकोणसाठ वर्षें मोजिली ती केवळ काळजी.

स्नेह्यांस आम्हीं एवढेंच लिहिलें: हौद आधीं भरा, वैशाख एकदां त्यावरून जाऊं द्या, आणि पाणी टिकलें तर मग निळ्या फुलाचा भाव विचारा. त्यांनीं हौद भरला आहे. फूल अद्याप घेतलेलें नाहीं.