देहाची आठवण

इसवी सनपूर्व ४३० मध्ये अथेन्स नगरात मोठी साथ आली. ती नेमकी कोणत्या रोगाची होती यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. परंतु तिचे वर्णन लिहून ठेवणारा इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतः त्या दुखण्यातून उठला होता, आणि त्याने एक मार्मिक गोष्ट टिपली आहे. जे आजारी पडून बरे झाले होते तेच रोग्यांची सेवा निर्धास्तपणे करीत, कारण तो रोग दुसऱ्यांदा जिवावर बेतत नसे. शरीरात काहीतरी शिल्लक राहते, हे माणसाला असे फार पूर्वी उमगले होते. काय राहते, हे कळायला मात्र तेवीसशे वर्षे जावी लागली.

ही शिल्लक किती दिवस टिकते, याचा एक विलक्षण पुरावा उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाला. तेथे १८४६ साली गोवराची साथ आली आणि ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० माणसे अंथरुणाला खिळली. त्यापूर्वीची साथ १७८१ सालची. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर नव्हता. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघर फिरून चौकशी केली. १७८१ मध्ये लहानपणी ज्यांना गोवर निघाला होता, अशा वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झालेला त्याला आढळला नाही. ज्यांचा तेव्हा चुकला होता ते वृद्ध मात्र नातवंडांच्या बरोबरीने आजारी पडले. देहाने ती ओळख ६५ वर्षे जपली होती.

ती जपली कोठे, या प्रश्नावर पुढे मोठे भांडण पेटले. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात बागेतले काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूला गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशी हेच शरीराचे सैन्य, असे त्यांनी मांडले. इकडे बर्लिनमध्ये १८९० साली बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी दाखवले, की धनुर्वाताला दाद न देणाऱ्या प्राण्याचा पेशीविरहित रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर तोही वाचतो. म्हणजे शक्ती पेशीत नव्हे, द्रवात! दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे भांडले. अखेर १९०८ साली नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि द्रवपक्षाचे एर्लिख या दोघांत वाटून देण्यात आले. तो निवाडा बरोबरच होता.

कारण खरा प्रकार असा आहे. त्वचेची तटबंदी ओलांडून जंतू आत शिरला की पहिल्याने भक्षक पेशी त्याच्यावर तुटून पडतात. काही पेशी त्याचे तुकडे घेऊन लसिकाग्रंथीच्या ठाण्यात जातात. तेथे असंख्य लसिकापेशी असतात, प्रत्येकीचा साचा निराळा. ज्या पेशीचा साचा त्या तुकड्याशी जुळतो, तिचीच झपाट्याने वाढ होते. तिच्या वंशातील काही पेशी प्रतिपिंडे नावाची द्रव्ये रक्तात सोडतात. दुसऱ्या जातीच्या काही पेशी रोगग्रस्त पेशींचा नाश करतात. या तयारीला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत माणूस आजारी असतो. युद्ध संपल्यावर बहुतेक सैन्य विरते, परंतु काही पेशी मागे राहतात. तोच शत्रू पुन्हा आला तर त्या त्याला ओळखतात, आणि रोग डोके वर काढण्याआधीच मोडला जातो. फेरोच्या वृद्धांच्या देहात हेच घडले होते.

आजार न होता ही ओळख करून देणे, याचेच नाव लस. मेचनिकॉफ यांचे शिष्य वाल्देमार हाफकिन यांनी तो प्रयोग मुंबईत केला. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला. जांघेत, काखेत येणारी ती भयंकर गाठ म्हणजे वर सांगितलेल्या ठाण्यात चाललेले हरते युद्धच होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने जंतू वाढवले, उष्णतेने मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. लसीचे संरक्षण पूर्ण नव्हते आणि काही महिनेच टिके, कारण देहाची आठवण सर्व रोगांच्या बाबतीत सारखी खोल नसते. तरीही लस घेतलेल्यांत मृत्यू पुष्कळ कमी झाले.

पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष लसीचा नव्हता. बाटली उघडताना दूषित झाली होती. तरी ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांचे काम हातचे गेले, आणि तो ठपका धुऊन निघायला १९०७ साल उजाडावे लागले. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचे नाव देण्यात आले ते १९२५ साली.

यात एका माणसावरील अन्यायापेक्षा अधिक काही आहे. त्या १९ जणांचे मरण साऱ्या देशाला दिसले. लसीमुळे जे प्लेगमधून वाचले त्यांना मात्र आपण वाचलो हे कळलेच नाही, कारण न आलेल्या रोगाची खूण अंगावर राहत नाही. प्रतिकारशक्तीचे यश असे मुके असते, आणि म्हणूनच समाज ते लवकर विसरतो.

१९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्या रोगाची लस टोचल्याचा व्रण दंडावर असलेली पिढी आज वृद्ध होत आहे. नातवंडे कुतूहलाने विचारतात, हा डाग कसला? त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर त्यांना दिले पाहिजे. देह आपली आठवण स्वतः राखतो. समाजाला ती सांगून राखावी लागते.