दप्तर सांभाळणाऱ्याची सनद

दप्तर, कारकून, सनद, मुखत्यार हे शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आले आणि इथलेच झाले. संगणकाच्या जमान्यात दप्तराला डेटाबेस म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला डेटाबेस सर्व्हर. बँकेतली शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातल्या नोंदी, सारे त्याच्याच हवाली असते. हा कारकून दिसत नाही, पण तो बिननावाचाही नसतो. संगणक सुरू झाला की तो एका ठरावीक खात्याच्या नावाने कामाला लागतो. त्या खात्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. खात्याला जेवढे अधिकार, तेवढेच कारकुनाला. तेव्हा मित्रहो, हे खाते बदलणे म्हणजे त्याची सनद नव्याने लिहिणे.

ही सनद केवढी असावी? जेरोम सॉल्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच आपल्या निबंधात सांगून ठेवले होते, की प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत. व्यवहारात मात्र सोयीची सरशी झाली. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २००० बसवताना मर्यादित अधिकारांचे खाते देता येई, तसेच 'लोकल सिस्टिम' हे सर्वाधिकारी खातेही देता येई. या दुसऱ्या खात्याला पासवर्डची कटकट नव्हती की परवानग्यांची अडचण नव्हती. अनेक ठिकाणी तेच निवडले गेले.

मे २००२ मध्ये 'स्पायडा' नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम, इंटरनेटवर फिरू लागला. ज्या सर्व्हरवर 'एसए' या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड रिकामा होता, तिथे तो शिरे. आत आल्यावर तो सर्व्हरकरवी थेट विंडोजला हुकूम सोडी आणि ते हुकूम सर्व्हिस अकाउंटच्या नावाने पाळले जात. सनद सर्वाधिकाराची असली, की पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' खाते थेट प्रशासकांच्या पंगतीत जाऊन बसे. मग सांकेतिक रूपातले पासवर्ड ईमेलने बाहेर जात. दार उघडे राहिले हा एक दोष. पण दप्तरात शिरलेला चोर साऱ्या वाड्याचा मालक झाला, तो सनदेमुळे.

२५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' आला. अवघ्या ३७६ बाइटचा हा वर्म. त्याने सुमारे दहा मिनिटांत बहुतेक असुरक्षित सर्व्हर गाठले. किमान ७५ हजार संगणक बाधित झाले. बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएमचे व्यवहार खोळंबले. वास्तविक दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती. सनद छोटी असती तरी हा प्रसार थांबला नसता, हे मान्य केले पाहिजे. स्लॅमरने दप्तर पुसले नाही, तो नुसताच पसरत राहिला. पण सर्व्हरचे सारे अधिकार त्या घटकेला त्याच्या हातात होते.

पुढे चाल बदलली. एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये विंडोजला हुकूम देण्याची ती सोय मुळातच बंद ठेवलेली होती. २०१२ च्या आवृत्तीपासून नव्या विंडोजवर प्रत्येक सेवेला आपोआप स्वतंत्र, मर्यादित खाते मिळू लागले. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तर युनिक्सच्या 'रूट' या सर्वाधिकारी नावाने सुरूच होत नाही.

जुन्या सर्व्हरची सनद मात्र माणसालाच बदलावी लागते. हे काम विंडोजच्या सेवांच्या यादीतून करू नये. 'कॉन्फिगरेशन मॅनेजर' या साधनातूनच करावे. ते नुसते नाव बदलत नाही, तर आवश्यक परवानग्या देते आणि सर्व्हरची मुख्य गुप्त किल्ली नव्या खात्याशी जोडते. बदल लागू होण्यासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. ज्या दुसऱ्या यंत्रावर रात्री बॅकअप जातो, तिथेही नव्या खात्याला प्रवेश द्यावा लागतो. नाहीतर सकाळी सारे सुरळीत दिसते आणि बॅकअप मात्र झालेला नसतो.

एवढ्या खटपटीमुळेच हे काम उद्यावर ढकलले जाते. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' असे म्हटले जाते. स्पायडा येण्याच्या आदल्या दिवशीही ते सर्व्हर व्यवस्थितच चालत होते.