कुत्री आपल्या घरात, नाव दुसऱ्याचं

आजचा भाग एका करारावर आहे.

समजा, एखाद्या ब्रीडरनं तुम्हाला सांगितलं, "ही आमच्या या वेळच्या पिल्लांतली सगळ्यात चांगली फीमेल. तिचे पैसे देऊ नका. ती तुमच्याकडेच राहील, तुमच्या सोफ्यावर झोपेल, तुम्ही हाक मारली की धावत येईल. फक्त पुढची चार-पाच वर्षं कागदावर ती आमची. तिला पिल्लं होतील तीही आमची. दोन-तीन वेतं झाली की आम्ही तिची नसबंदी करून देऊ, मग ती कायमची तुमची." अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात याला 'गार्डियन होम' म्हणतात. तिथले बरेच ब्रीडर, विशेषतः डूडल जातीवाले, हल्ली असंच काम करतात. जाहिरातीत तर हे अगदी नव्या जमान्याचं आणि प्रेमळ असं काही असल्यासारखं सांगितलं जातं.

आपल्यापैकी जे गावाकडचे आहेत ते मनात म्हणत असतील, ही तर अर्धली! शेळी मालकाची, सांभाळणार दुसरा आणि करडं निम्मी-निम्मी. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्याकडे जागा नाही, नाहीतर हात नाहीत. ज्याच्याकडे हात आहेत त्याच्याकडे शेळी घ्यायला पैसा नाही. दोघांची गरज एका जनावरात भागते. फरक एवढाच, की अर्धलीत सांभाळणाऱ्याला पिल्लांत वाटा मिळतो. गार्डियन होममध्ये पिल्लं सगळी ब्रीडरची आणि सांभाळणाऱ्याच्या वाट्याला येते ती आई, तीही तिचं बाळंतपणाचं वय सरल्यावर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुत्र्यांमध्ये ही पद्धत चांगली मुरलेली दिसते ती इंग्लंडमध्ये, कोल्ह्याच्या शिकारीत. घोड्यांवर लाल कोटातली माणसं आणि पुढे भुंकत धावणारा फॉक्सहाउंड कुत्र्यांचा ताफा, हे चित्र तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. हा ताफा ठेवायचा कुठे? मोठ्या जमीनदारांनी त्यासाठी केनेल बांधली. पण उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागातल्या साध्या शेतकऱ्यांना ते कुठून परवडणार! त्यांनी कुत्री वाटून घेतली, एकेका घरी एक किंवा दोन. शिकारीच्या दिवशी सकाळी शिंग वाजलं की घराघरातून कुत्री बाहेर पडून एकत्र जमायची आणि संध्याकाळी ज्याचं त्याचं कुत्रं आपापल्या दारात. अशा ताफ्याला 'ट्रेंचर-फेड' म्हणायचे. ट्रेंचर म्हणजे लाकडी ताट. थोडक्यात, घरातल्या ताटातलं उरलंसुरलं खाऊन वाढलेली कुत्री. यॉर्कशरमधला बिल्सडेलचा ताफा असाच होता.

श्रीमंत जमीनदारांची अडचण वेगळी होती. त्यांच्याकडे केनेल होतं, पण केनेलमध्ये पिल्लं नीट वाढत नव्हती. एक म्हणजे रोग. डिस्टेंपर शिरला की एकाच आवारातली पिल्लं पटापट मरायची. त्यावर लस यायला १९२० चं दशक उजाडावं लागलं, आणि गंमत म्हणजे त्या संशोधनासाठी 'द फील्ड' या शिकारीच्या नियतकालिकानं वाचकांकडून निधी गोळा केला होता. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नुसत्या केनेलमध्ये वाढलेल्या कुत्र्याला जग माहीत नसतं. शेतावर वाढलेलं पिल्लू कोंबडीच्या मागे लागून एकदा ओरडा खातं, मेंढ्यांच्या कळपातून शहाण्यासारखं चालायला शिकतं, बैलगाडी आणि पोरांचा गोंधळ बघतं. म्हणून पिल्लं आठ-दहा आठवड्यांची झाली की आसपासच्या शेतकऱ्यांकडे पाठवायची, बहुतेक वेळा जोडीनं, आणि पुढच्या वसंतात परत न्यायची. याला म्हणायचे 'वॉक'वर पाठवणं. पीटर बेकफर्डनं १७८१ साली शिकारीवर जे पुस्तक लिहिलं, त्यातही या पद्धतीची चर्चा आहे.

आता शेतकरी हे का करायचा? काही जण हौसेनं करायचे. पण बरेचसे शेतकरी त्या जमीनदाराची कुळं होती, आणि काही भाडेपट्ट्यांमध्ये मालकाचं एक पिल्लू सांभाळण्याची अट चक्क लिहिलेली असायची. खंड भरा, कुंपण दुरुस्त ठेवा, आणि हे पिल्लू वाढवा! त्याच्या दुधाभाकरीचा खर्चही तुमचाच. चपला चावून टाकणारं, कोंबड्या पळवणारं ते पिल्लू वर्षभरात घरातलं होऊन जायचं, आणि मग एक दिवस केनेलचा माणूस येऊन घेऊन जायचा. नंतर 'पपी शो' भरायचा. तिथं पिल्लं पुन्हा दिसायची, परीक्षक नंबर काढायचे आणि ज्यांनी चांगलं पिल्लू वाढवलं त्यांना चांदीचा चमचा किंवा कप मिळायचा, शिवाय जेवण. इंग्लंडमध्ये हे समारंभ पुढेही चालत राहिले. कुत्र्यांचा ताफा सोडून कोल्हा मारायला २००४ च्या कायद्यानं तिथे बंदी घातली, पण चांदीच्या चमच्यांची हौस काही गेली नाही.

मला हा चमचा फार बोलका वाटतो. वर्षभराची मजुरी, वर्षभराचं खाणं आणि वर्षभराची माया, या सगळ्याचा मोबदला एक चमचा. कुत्रं मात्र कधीच सांभाळणाऱ्याचं होत नसे. म्हातारं झालं तरी ते त्या घरी परत येईल असं नव्हतं. शिकारीच्या कामाचा न राहिलेला हाउंड बहुतेकदा मारला जायचा.

हीच पद्धत विसाव्या शतकात एका वेगळ्या कामासाठी उचलली गेली, अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांसाठी. डोरोथी युस्टिस नावाची अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड पाळून त्यांना शिकवत होती. तिनं १९२७ मध्ये जर्मनीतल्या अशा कुत्र्यांवर एक लेख लिहिला. तो लेख नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणापर्यंत पोचला आणि १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. पुढे संस्थेनं स्वतःची पैदास सुरू केली, तेव्हा तिच्यासमोरही जमीनदारांचाच जुना प्रश्न आला. केनेलमध्ये वाढलेला कुत्रा बस, जिना, बाजार, रडणारं बाळ यांना घाबरणार. आणि घाबरणाऱ्या कुत्र्याच्या भरवशावर अंध माणूस रस्ता कसा ओलांडणार? १९४२ मध्ये संस्थेनं फोर-एच नावाच्या ग्रामीण मुलांच्या क्लबांना हाताशी धरलं. ही मुलं वासरं, डुकरं वाढवून जत्रेत दाखवायची. आता त्यांच्या घरी शेफर्डची पिल्लं आली. ब्रिटनमध्ये अशीच योजना डेरेक फ्रीमन यांनी १९५६ मध्ये सुरू केली, आणि तिला नावही शिकारवाल्यांचंच दिलं, 'पपी वॉकिंग'.

शेतकऱ्यांना अनुभवानं माहीत होतं ते याच काळात प्रयोगशाळेतही दिसलं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला माणसाची ओळख झाली नाही, तर पुढे ती नीट होत नाही, असं त्यांना आढळलं. माणसाचा स्पर्शही न होता मोठ्या कुंपणात चौदा आठवडे वाढलेली पिल्लं जंगली जनावरासारखी वागायला लागली. कॅलिफोर्नियात मार्गदर्शक कुत्र्यांची निवड करणारे क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनाही हाच धडा मिळाला. चाचण्या उत्तम पास झालेली पिल्लं घरी पाठवायला उशीर झाला, केनेलमध्ये काही आठवडे जास्त पडून राहिली, तर पुढे नापास होण्याचं प्रमाण वाढायचं.

मग या संस्थांनी पुढचं पाऊल टाकलं. पिल्लं घरात वाढवायची, तर पिल्लांच्या आयांनीच केनेलमध्ये का राहायचं? पैदाशीसाठी निवडलेल्या माद्याही स्वयंसेवकांच्या घरी ठेवल्या जाऊ लागल्या. मालकी संस्थेची, डॉक्टरचा खर्च संस्थेचा, घर तुमचं. अटी ठरलेल्या असतात. केंद्रापासून फार लांब राहायचं नाही, अंगणाला कुंपण हवं, कुत्री हीटवर आली की लगेच कळवायचं. आणि तिचं पैदाशीचं काम संपलं की बहुतेक वेळा ती त्याच घरी राहते. आजच्या गार्डियन होमचा साचा इथं पूर्ण झाला. फक्त हे सगळं धर्मादाय संस्थेसाठी चाललं होतं. पिल्लू विकून कुणाच्या खिशात पैसे जात नव्हते.

ते पैसे या साच्यात आले कसे, याची गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे.

१९८० च्या दशकात मेलबर्नच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत वॉली कॉनरन पैदाशीचं काम बघत होते. हवाईहून एका अंध बाईंची मागणी आली. त्यांना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. कॉनरननी आधी नुसते पूडल तपासून बघितले, एक-दोन नाही, तेहेतीस! एकही कामाचा निघेना. शेवटी त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडलची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. त्यातल्या सुलतान नावाच्या पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही.

पण मधल्या काळात पिल्लं वाढवायची कुणी? संस्थेकडे पिल्लू सांभाळायला उत्सुक कुटुंबांची रांग होती. सगळ्यांना शुद्ध जातीचं हवं होतं. मिक्स म्हटलं की लोक नाही म्हणायचे. कॉनरन प्रसिद्धी विभागात गेले आणि म्हणाले, वर्तमानपत्रांना सांगा, आम्ही नवीन कुत्रा तयार केलाय, त्याचं नाव लॅब्रॅडूडल. बातमी आली आणि फोन थांबेनात. तेच पिल्लू, तेच केस, फक्त नाव बदललं. म्हणजे जगभर लाखांच्या भावात विकलं गेलेलं हे नाव गाजवलं गेलं ते पिल्लांना सांभाळणारं घर मिळावं म्हणून! पुढे जे ब्रीडर त्या नावामागे धावले, त्यांचा धुमाकूळ बघून कॉनरननी म्हातारपणी जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवला.

डूडल पसरले, सोबत गार्डियन होमही पसरलं. ब्रीडरच्या बाजूनं हिशोब सरळ आहे. नितंबाच्या सांध्याचं अंतिम प्रमाणपत्र अमेरिकेत कुत्रं दोन वर्षांचं झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे दहा माद्यांमधून चार चांगल्या निवडायच्या तर दहाही जणींना दोन वर्षं पोसायचं. घरात जागा किती? गार्डियन ठेवले तर दहा माद्या दहा घरी लाडात वाढतात, आणि ब्रीडरकडे पिंजऱ्यांची रांग लागत नाही. कुत्रीच्या बाजूनंही हे पिंजऱ्यापेक्षा कितीतरी बरं आहे, यात वाद नाही. ब्रिटनमध्ये ज्या लूसी नावाच्या कुत्रीवरून कायदा ओळखला जातो, तिची सुटका २०१३ मध्ये वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून झाली होती. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात वेतांवर वेतं होऊन तिची कंबर वाकली होती. त्या आयुष्याशी तुलना केली तर गार्डियन होम म्हणजे स्वर्गच.

तरी मला खटकतं ते असं. जमीनदाराचं पिल्लू वर्षात परत जायचं, वाईट वाटायचं आणि विषय संपायचा. इथं कुत्री तुमच्याकडे चार-पाच वर्षं असते, आणि त्या काळात तिच्या शरीरावरचा निर्णय दुसऱ्याचा असतो. कुत्रीचे दिवस सुमारे त्रेसष्ट. त्याच्या थोडं आधी ती ब्रीडरकडे जाते, तिथं व्यायते, पिल्लांना पाजते आणि काही आठवड्यांनी थकून, केस गळालेली अशी घरी येते. तोवर घरातली पोरं रोज विचारत असतात, ती कधी येणार? आता समजा, दुसऱ्या वेताला सिझेरियन करावं लागलं. तिसरं नको, असं तुम्हाला वाटतं. करारात मात्र तीन लिहिलेत. तुमच्या शब्दाला किंमत किती? चुकून शेजारचा कुत्रा लागला तर दंड कुणाला? नोकरी बदलली आणि शहर सोडायचं झालं तर कुत्री बरोबर येणार की नाही? रात्री दोन वाजता ती अत्यवस्थ झाली आणि ब्रीडर फोन उचलत नाही, तर ऑपरेशनला सही कोण करणार?

आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्रीय नियम आहेत. ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी किमान अठरा महिन्यांची हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण हे नियम वाचताना डोळ्यांसमोर येतं ते ब्रीडरचं आवार, तिथली जागा, तिथल्या नोंदी. कुत्री कोथरूडच्या एखाद्या टू बीएचकेमध्ये राहते आणि मालक दुसऱ्या टोकाला, असं चित्र त्यात उमटत नाही. त्यामुळे इथं कुणी असा प्रस्ताव घेऊन आलंच, तर सगळा भार त्या दोन-चार पानी करारावर येतो. वेतं किती, दोन वेतांत अंतर किती, आणि "आता बस" असं डॉक्टरनं लिहून दिलं तर ते ब्रीडरला बंधनकारक आहे का, ही तीन वाक्यं त्या पानांत सापडतात का ते बघा. मालकी तुमच्या नावावर कधी होणार याची तारीखही. "योग्य वेळी" ही तारीख होत नाही.

अर्धलीत असा कागद बहुतेकदा नसतोच. पाच माणसांसमोर बोलणं होतं. शेळी मेली तर काय, एकच करडू झालं तर काय, हे आधी ठरतं, आणि शब्द मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी शेळी देत नाही. तुमच्या भागात याला अर्धलीच म्हणतात की वाट्यानं देणं की आणखी काही, आणि एकच करडू झालं तर ते कुणाचं धरतात, हे आम्हाला व्हॉइस मेसेज करून नक्की सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवू.