चिमूटभर मातीचें सामर्थ्य

मोटारीचे टायर काळेच कां, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. काळ्या टायरांची संवयच आपल्या दृष्टीस जडली आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं टायर पांढुरके असत. हा रंग पालटला त्याच्या मुळाशीं पदार्थशास्त्रांतील एक महत्त्वाचें तत्त्व आहे.

इ. स. १८३९ मध्यें चार्लस् गुडइयर या अमेरिकन संशोधकानें गंधक व उष्णता यांच्या योगें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली. पुढें टायरांच्या रबरांत जस्ताचें पांढरें भस्म मिसळूं लागले. तरीहि टायर लवकर झिजत. १९०४ सालीं लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊन येथील कारखान्यांत एस्. सी. मोट यांना असें आढळलें कीं, बारीक काजळी मिसळली असतां रबराचें बळ पुष्कळच वाढतें. पुढील दशकांत अमेरिकेच्या गुडरिच कंपनीनें ती काजळी टायरांत घातली आणि टायर काळे झाले.

काजळीनें बळ कां यावें? याचें एक प्रमुख कारण तिच्या कणांची सूक्ष्मता. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे नॅनोमीटर बाजूचे, म्हणजे मिलिमीटरच्या १० लाखांव्या भागाएवढे, तुकडे केले, तर त्या सर्वांचा पृष्ठभाग ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होतो. रबराच्या रेणूंना धरून ठेवण्यास इतकें विस्तीर्ण क्षेत्र मिळाल्यावर मिश्रण बळकट होणें साहजिकच आहे.

रबर काय किंवा नायलॉन काय, रेणूंच्या लांबच लांब सांखळ्यांनीं बनलेल्या अशा पदार्थांस पॉलिमर म्हणतात. ड्यु पाँ कंपनींत कॅरॉथर्स यांनीं १९३५ मध्यें नायलॉन तयार केलें. त्याचा ‘नायलॉन-६’ हा भाऊबंद १९३८ मध्यें जर्मनींत श्लाक यांनीं सिद्ध केला. परंतु भार असतां तो थोड्याशा उष्णतेनेंहि वांकूं लागे. म्हणून त्यांत कांचेचे तंतु भरपूर मिसळीत. त्यानें ताठपणा येई, पण वजनहि वाढे.

१९८० नंतरच्या दशकांत जपानांतील टोयोटाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेंत ओकादा, उसुकी, कोजिमा प्रभृति संशोधकांनीं यावर मातीचा उपाय काढला. ही माती म्हणजे माँटमोरिलोनाइट. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींतहि ती विपुल असते. पावसांत ती जमीन फुगते व उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, याचें कारण हेंच कीं, या मातीचे थर पत्त्यांच्या जुडीप्रमाणें एकावर एक रचलेले असून त्यांच्यामध्यें पाणी शिरतें. एकेका थराची जाडी सुमारें एक नॅनोमीटर. संशोधकांनीं प्रथम या थरांमध्यें एक सेंद्रिय अम्ल शिरविलें. मग नायलॉनचा कच्चा माल आंत घालून तेथेंच त्याच्या सांखळ्या वाढविल्या. सांखळ्या वाढतां वाढतां थर दूर सरले आणि जुडी विखुरली.

परिणाम विलक्षण झाला. शेंकडा चार-पांच भाग मातीनें ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला, ताण सोसण्याची शक्ति सुमारें दीडपट झाली आणि भाराखालीं वांकण्याचें उष्णतामान सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडवरून १४० अंशांच्या पुढें गेलें. शिवाय वायूंना या थरांना वळसे घालीत जावें लागत असल्यानें त्यांची गळतीहि घटली. एकाच चिमटीनें इतकीं कामें साधलीं! मोटारीच्या टायमिंग पट्ट्याच्या झांकणासाठीं हा पदार्थ वापरांत आला, आणि १९९३ मध्यें या संशोधनाचे निबंध प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा या वाटेस लागल्या.

तथापि हा लाभ फुकट मिळत नाहीं. ताठपणा वाढला कीं लवचिकपणा बहुधा घटतो. थर नीट विखुरले नाहींत, तर मातीचे गोळेच उरतात व अपेक्षित बळ येत नाहीं. आणि जें इतकें एकजीव केलें, तें टाकाऊ झाल्यावर पुन्हां वेगळें करणें कठीण; गंधक घातलेलें रबर तर वितळवून नव्यानें घडवितांहि येत नाहीं. जुन्या टायरांचे डोंगर ठिकठिकाणीं उभे आहेत, ते यामुळेंच. मिसळण्याची विद्या माणसानें साधली आहे. मिसळलेलें सोडविण्याची विद्या तिच्या बरोबरीनें वाढविणें, हें या शास्त्राचें पुढचें कर्तव्य होय.